आज्ञावली कोणी लिहावयाची?



धम्मदीक्षा घेतल्यावर घरात जे पहिले पालट होतात ते डोळ्यांना दिसणारे असतात. देव्हारा उठतो, भिंतीवरील जुन्या तसबिरी उतरतात, त्या जागी भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा येते, सायंकाळी मुलांच्या तोंडी त्रिसरण-पंचशील येते. हे सर्व योग्यच आहे. परंतु देव्हारा उठल्यावर मुलाच्या मनात जी जागा मोकळी होते, तिचे काय? पाऊस का पडतो, वीज का कडाडते, आजार कशाने होतो, या प्रश्नांना कालपर्यंत घरात एक तयार उत्तर होते. ते खोटे होते म्हणून तुम्ही ते टाकून दिले. खरे उत्तर शोधण्याची सवय जर मुलाला लागली नाही, तर ती जागा फार काळ मोकळी राहणार नाही. उद्या दुसरा कोणी बाबा, दुसरा कोणता गंडा-दोरा, नाहीतर मोबाइलच्या पडद्यावरील एखादी थाप तेथे येऊन बसेल. म्हणून धर्मांतर केलेल्या घरात विज्ञानाचे शिक्षण हे दीक्षेचेच उरलेले काम समजले पाहिजे.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, आमच्या ठाकुर्ली-डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यात विज्ञान आणि 'कोडिंग' शिकविण्याचा गवगवा सध्या फार झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकवावी असे म्हटले. त्याच धोरणाने शिक्षणाची मुळे मुलाच्या भोवतालच्या जीवनात व संस्कृतीत असावीत असेही म्हटले. दोन्ही गोष्टी ऐकावयास गोड आहेत. परंतु कोणाचे जीवन, कोणाची संस्कृती, आणि शिकून मुलाने नेमके काय व्हावयाचे, हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर रस दुसरे पितील आणि आमच्या मुलांच्या वाट्याला चोथा येईल. माझे म्हणणे प्रारंभीच सांगतो. मुलाच्या ओळखीच्या जगातून विज्ञान शिकविणे हा उत्तम मार्ग आहे. मात्र ते ओळखीचे जग शिक्षणाचा उंबरठा असले पाहिजे. मुलाला त्याच जगात कोंडणारी भिंत ते होता कामा नये.

प्रथम हे कोडिंग म्हणजे काय ते पाहू, कारण या शब्दाचा धाक घालूनच पालकांच्या खिशात हात घातला जातो. संगणक हे अत्यंत आज्ञाधारक आणि तितकेच निर्बुद्ध यंत्र आहे. त्याला क्रमाने आणि निःसंदिग्ध शब्दांत आज्ञा द्याव्या लागतात. त्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. अमुक असेल तर हे करावे, नसेल तर ते करावे. अमुक होईपर्यंत हीच कृती पुन्हा करीत राहावे. अशा दोन-तीन प्रकारच्या वाक्यांवर तिची सारी इमारत उभी आहे. कायद्याच्या व्यवसायातील मनुष्याला यात काहीच परके वाटत नाही. कायद्याचे कलमही असेच लिहिलेले असते: अमुक अट पूर्ण झाली तर अमुक हक्क, न झाली तर अमुक परिणाम. कलमातील एक शब्द ढिला राहिला की पळवाट निघते. आज्ञावलीतील एक अट चुकली की यंत्र भलतेच करून बसते.

आणि येथेच आमच्या समाजाच्या दृष्टीने या विषयाचे मर्म आहे. शेकडो वर्षे आमच्यासाठी नियम लिहिणारे दुसरेच होते. पाणवठ्यावर कोणी जावे, रस्त्याने कोणी चालावे, अक्षर कोणी शिकावे, हे सर्व 'जर' आणि 'तर' यांच्या भाषेतच ठरवून ठेवलेले होते, आणि त्यातील 'जर' म्हणजे जन्म. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती याच कारणासाठी. पुढे त्याच बाबासाहेबांनी मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून या देशाच्या संविधानाची कलमे घडविली. नियम निमूटपणे पाळणाऱ्यांच्या रांगेतून उठून नियम लिहिणाऱ्यांच्या आसनावर बसणे, हा आमच्या चळवळीचा अर्थ आहे. आज कर्ज कोणाला द्यावे, नोकरीच्या ढीगभर अर्जांतून कोणते पुढे पाठवावेत, घरोघर सामान पोचविणाऱ्या तरुणाला पुढची फेरी द्यावी की नाही, हे पुष्कळ ठिकाणी आज्ञावली ठरविते. पाठीवर पेटी अडकवून दुचाकीवरून ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याने धावणारा आमचा मुलगा दिवसभर एका आज्ञावलीचे हुकूम पाळीत असतो. ती कोणी लिहिली हे त्याला ठाऊक नसते, आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावी हेही ठाऊक नसते.

यंत्र आले म्हणजे जात आपोआप जाईल, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवावा. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी अधिक मिळे. परंतु तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. कारण काय, तर कांडी बदलताना धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यात स्पृश्य कामगारांना विटाळ दिसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय जाहीरपणे पुढे आणला. साच्याला जात ठाऊक नव्हती. साच्यापाशी कोणी उभे राहावे हे मात्र जात ठरवीत होती. आजच्या नव्या गिरणीतही खाती आहेत. आकडे भरणे, सामान वाहणे, राखण करणे ही एक प्रकारची खाती. आज्ञावली लिहिणे हे साचेखाते. आमची मुले कोणत्या खात्यात जाणार याचा निकाल त्यांच्या पंचविसाव्या वर्षी लागतो असे वाटत असेल तर तो भ्रम आहे. तो सहावी-सातवीच्या वर्गात लागतो.

आता संस्कृतीच्या नावाखाली काय चालते ते पाहा. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात, प्राचीन काळी ग्रहाग्रहांवर जाणारी विमाने होती असे सांगणारा निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या पोथीचा आधार यासाठी दिला जातो, तिची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच केली होती. ही पोथी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील आहे आणि तीत वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. विज्ञानाच्या मोठ्या व्यासपीठावर जर हे घडते, तर एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात संस्कृतीच्या नावाने काय घडेल हे निराळे सांगावयास नको. पुराणातील चमत्कारांना विज्ञानाची झूल चढविणे म्हणजे मुलांना संस्कृतीतून विज्ञान शिकविणे, असा जर कोणाचा समज असेल, तर अशा शिक्षणाला आमचा विरोध आहे आणि तो राहील.

परंतु हा विरोध करताना आपले घर स्वच्छ आहे ना, हेही पाहिले पाहिजे. अलीकडे आपल्यातीलही काही उत्साही वक्ते सांगू लागले आहेत की, अणूची रचना तथागतांना ठाऊक होती, धम्मचक्र म्हणजे अणूचेच चित्र आहे, आधुनिक भौतिकशास्त्र सगळे धम्मग्रंथांत आहे. वाचकहो, पुष्पक विमान आणि हे बोलणे यांत फरक तो काय? केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला त्याचा आशय असा की, केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नका. ज्याने स्वतःच्या शब्दालाही या कसोटीतून सूट दिली नाही, त्याच्या नावावर आपण न तपासलेले दावे खपवावयाचे, हा धम्माचा गौरव नसून त्याची विटंबना आहे. मुलांना बुद्धांचे मोठेपण सांगावयाचे असेल तर प्रश्न विचारण्याची ही मोकळीक सांगा. ती पुरेशी मोठी आहे.

दुसरा सापळा याहूनही फसवा आहे. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५३ साली ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरी आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. जीवनाशी जोडलेले शिक्षण, असेच तिचे समर्थन केले गेले. परंतु कुंभाराच्या मुलाने मडकी आणि चांभाराच्या मुलाने जोडे, हे जीवनाशी जोडणे नसून जन्माशी जखडणे आहे, हे पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी ओळखले. त्यांनी तिला कुळाचे शिक्षण म्हणून जाहीर विरोध केला. १९५४ मध्ये राजाजी पदावरून गेले आणि कामराज यांच्या सरकारने ती योजना मोडीत काढली.

याच्या उलट महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे काय मागितले ते पाहा. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि त्यात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांचे म्हणणे होते. शेती मुलाच्या ओळखीची होती. परंतु जोतिरावांनी ती इतिहास-भूगोलाच्या जोडीला मागितली. त्यांच्या बदली मागितली नाही. हा भेद ज्याला कळला त्याला या प्रश्नातील सारे कळले. आपल्या ठाकुर्लीचेच उदाहरण घ्या. चोळ्याचे जुने रेल्वे पॉवर हाऊस कोळसा जाळून आगगाडीसाठी वीज करीत असे. ते बंद पडून कित्येक वर्षे लोटली, तरी नाव ओठांवर आहे. आता एखादा शिक्षक मुलाला विचारील, "तुझे आजोबा तेथे कोणते काम करीत?" दुसरा विचारील, "कोळशाच्या उष्णतेची वीज कशी झाली असेल?" दोघेही स्थानिक जीवनातूनच शिकवीत आहेत. पहिला मुलाला भर वर्गात त्याच्या जन्माकडे बोट दाखवून बसवितो. दुसरा त्याला वाफ, चक्री आणि चुंबक यांच्याकडे नेतो. आमच्या मुलांना दुसरा शिक्षक पाहिजे.

असे शिक्षण शक्य आहे काय, अशी शंका कोणी घेईल. त्याला दोन दाखले देतो. १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आपल्यापासून फार दूर नाही. ते मानखुर्दला आहे. तेथील व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना घेऊन काम केले आणि त्याचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध केला. या मुलांत बुद्धीची वाण नव्हती. पुस्तकातील विज्ञानाची अवजड, परकी भाषा हा मोठा अडसर होता, आणि तो दूर करून योग्य साहाय्य दिले की मुले पुढे जात होती. ज्या मुलांना 'यांना विज्ञान झेपत नाही' म्हणून शेवटच्या बाकावर बसविले जाते, त्यांच्या बाजूने याहून चांगली साक्ष कोणती?

दुसरा दाखला अमेरिकेतील आहे. बॉब मोझेस हे काळ्या समाजाचे कार्यकर्ते. १९६० च्या दशकात मिसिसिपीत काळ्या नागरिकांची मतदार म्हणून नोंदणी करताना त्यांनी मारहाण आणि तुरुंग सोसले. १९८२ पासून त्यांनी बीजगणिताच्या शिक्षणाचे काम हाती घेतले आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. मताचा हक्क मिळाला तरी गणित ज्याला येत नाही तो नव्या अर्थव्यवस्थेत वेठबिगारच राहील, हा त्यांचा सिद्धान्त. त्यांनी काय केले? मुलांना शहरातील भुयारी रेल्वेतून फिरवून आणले. मग त्या प्रवासाचे चित्र काढावयास लावले, नंतर तो आपल्या घरच्या बोलीत सांगावयास लावले, नंतर तेच काटेकोर भाषेत, आणि सर्वांत शेवटी गणिताच्या चिन्हांत. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्यापाशी अध्ययन केले, त्या जॉन ड्यूई यांचीही शिकवण हीच होती की, ज्ञान अनुभवातून आणि कृतीतून घडते.

भुयारी रेल्वे नसली तरी आपल्याला लोकल आहे. तेव्हा विहारातल्या विहारात काय करता येईल ते आता सांगतो. यासाठी संगणक लागत नाही. संगणकशास्त्राची मूलतत्त्वे संगणकाशिवाय शिकविण्याची पद्धत न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच रूढ केली आहे. खडू, दोरी आणि मुले एवढे पुरे.

पहिली कृती लोकलची. जमिनीवर एक रेघ ओढा. ठाकुर्लीला शून्य म्हणा. कल्याण अधिक एक. डोंबिवली उणे एक, कोपर उणे दोन, दिवा उणे तीन, मुंब्रा उणे चार, कळवा उणे पाच, ठाणे उणे सहा. ठाण्यावर उभ्या असलेल्या मुलीला कल्याणच्या दिशेने सात स्थानके चालावयास सांगा. ती कल्याणला पोचेल आणि उणे सहात सात मिळविले की अधिक एक येते, हे तिला कोणी पाठ करवून घ्यावे लागणार नाही. मग आज्ञावली लिहावयास लावा: ठाण्याहून ठाकुर्लीला जाणाऱ्या प्रवाशाने कोणत्या गाडीत बसावे? मुले लिहितील, "गाडी जलद असेल तर बसू नको, धीमी असेल तर बस." आता विचारा, "धीमी गाडी डोंबिवलीपर्यंतचीच असली तर?" मुले हसतील आणि एक अट वाढवतील. आज्ञावलीतील चूक शोधणे आणि सुधारणे म्हणतात ते हेच. कल्याणनंतर शहाडकडे वळावे की विठ्ठलवाडीकडे, हे गाडी कसाऱ्याची की कर्जतची यावर ठरते. वाट फुटते तेथे अट लागते, हे आपल्या प्रत्येक मुलाला रूळच शिकवितात.

दुसरी कृती चक्राची. आपल्या राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला २४ आरे आहेत. आज्ञावली अशी: मध्यबिंदूपासून दहा पावले पुढे जा, दहा पावले मागे ये, उजवीकडे १५ अंश वळ, हे २४ वेळा कर. एका मुलाने आज्ञा वाचावी, दुसऱ्याने डोके न चालविता पाळावी. मग वळण १५ ऐवजी १४ अंशांचे करून पाहा. २४ वेळा वळूनही फेरा पुरा होत नाही, २४ अंश उणे पडतात. का? २४ गुणिले १५ म्हणजे ३६०, आणि २४ गुणिले १४ म्हणजे ३३६. हीच आज्ञावली पुढे संगणकावर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेने २००७ साली मुलांसाठी काढलेल्या, विनामूल्य मिळणाऱ्या 'स्क्रॅच'मध्ये जशीच्या तशी चालते.

तिसरी कृती वर्षावासाची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. भिक्खूसंघ या काळात एके ठिकाणी राहत असे तो पावसामुळेच. त्या पावसाचीच नोंद मुलांनी ठेवावी. विहाराच्या गच्चीवर सरळ उभ्या भिंतीचे दोन डबे ठेवा, एक रुंद आणि एक अरुंद. रोज सकाळी साडेआठ वाजता, हवामान खाते मोजते त्याच वेळी, पट्टीने पाणी मोजा. रुंद डब्यात पाणी अधिक साठूनही दोहोंत उंची सारखीच का, हा प्रश्न मुलांनाच पडू द्या. उत्तर देण्याची घाई करू नका. मग हवामान खात्याचे माप सांगा: चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर जोरदार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अति जोरदार, त्याहून अधिक तो अत्यंत जोरदार. याची आज्ञावली लिहिताना एखादा मुलगा पहिलीच अट घालील की, ६४.५ हून अधिक असेल तर 'जोरदार' लिहून थांबावे. त्याला २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा द्या: ९४४ मिलिमीटर. त्याची आज्ञावली त्या महापुरालाही नुसते 'जोरदार' म्हणून थांबेल. अटी योग्य असूनही त्यांचा क्रम चुकला, की निकाल चुकतो. पाऊस कोणाच्या कोपाने वा कृपेने पडत नाही, हे या तीन महिन्यांच्या वहीतून मुलाला जितके कळेल तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

आता हक्काविषयी. विहारात आपण करावयाचे ते करूच. परंतु शाळेला तिच्या कर्तव्यातून मोकळे करता येणार नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे कलम २९ सांगते की, अभ्यासक्रम संविधानाच्या मूल्यांशी सुसंगत असावा, शिक्षण कृती, शोध आणि अन्वेषण यांच्याद्वारे व्हावे, आणि शक्य तेथवर ते मातृभाषेतून व्हावे. म्हणजे कृतीतून शिक्षण ही कोणा शाळेने केलेली मेहेरबानी नाही. कलम १७ अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांची मनाई आहे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना भेदभावाची वागणूक मिळणार नाही हे पाहण्याचे कर्तव्य कलम ८ आणि ९ यांनी शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे येथे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेवर, टाकले आहे. कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळा वगळून इतर शाळांत व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा मिळावी. माता-भगिनींनो, ही खुर्ची कायद्याने तुमची आहे. ती रिकामी ठेवू नका.

खाजगी शाळांतील पाव जागांचा हक्क कलम १२ ने दिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, जवळ शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तेथे खाजगी शाळांना त्यातून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दीक्षा घेतली म्हणून अनुसूचित जातीचा हक्क बुडतो, अशी भीती नव्या घरांत अजून कोणी कोणी घालतात. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना तो हक्क आहे, हे ठामपणे सांगा. तसेच, संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे सर्वस्वी शासकीय पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा पूजाअर्चेत भाग घ्यावयास लावता येत नाही. विज्ञान प्रदर्शनाचे उद्घाटन पूजेने होणार असेल तर तुमचे मूल तेथे हात जोडून उभे राहण्यास बांधलेले नाही. उलट वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे अनुच्छेद ५१ क ने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे आणि लेखी कळवा, पोच घ्या.

यावर आपल्यातूनच आक्षेप येतात. कोणी म्हणतो, आधी मुलगा दहावी होऊ द्या, मग पाहू. वास्तविक मुले ज्या गणित आणि विज्ञानात मागे पडतात तेच विषय यातून सुधारतात. कोणी म्हणतो, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकविणार? पाऊस मोजावयाला पदवी लागत नाही, आणि कोणती गाडी ठाकुर्लीला थांबत नाही हे तुमच्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे? कोणी म्हणतो, आम्ही हजारो रुपये भरून क्लास लावला आहे. तेथे मूल स्वतः आज्ञा लिहिते, की दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञा नुसत्या उतरवून प्रमाणपत्र आणते, ते एकदा त्याला जमिनीवर चक्र काढावयास लावून तपासा. आणि कोणी म्हणतो, पैसा कोठून आणावयाचा? बांधवांनो, जयंतीच्या एका रात्री ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जी वर्गणी उडते, तिच्या एका हिश्श्यात विहाराला वापरलेला संगणक, फळा, मोजपट्ट्या आणि पुस्तकांचे एक कपाट येऊ शकते. ज्या महापुरुषाने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय उभारले, त्याची जयंती कानठळ्यांनी साजरी होते आणि त्याच्या नावाच्या विहारात मुलांना मोजपट्टी मिळत नाही, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

तेव्हा पुढच्या रविवारपासून वंदना झाली की मुलांना घरी धाडू नका. एक तास त्यांना द्या. वस्तीत महाविद्यालयात शिकणारा जो कोणी मुलगा किंवा मुलगी असेल त्यांना बोलवा. मुलींना मागे बसवू नका, खडू प्रथम त्यांच्या हाती द्या. मूल प्रश्न विचारील तेव्हा 'गप्प बस' म्हणू नका, कारण ते वाक्य आमच्या पिढ्यान्पिढ्यांनी पुरेसे ऐकले आहे. उत्तर ठाऊक नसेल तर 'चल, शोधू' म्हणा. आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीची पुढील सभा कधी आहे, हे या आठवड्यातच विचारून ठेवा.

जयभीम!